आरास आणि आकडेमोड

दसरा सरला की नाशिकच्या जुन्या भागातील त्या वाड्यात माळ्यावरून एक पुठ्ठ्याचा खोका खाली उतरत असे. त्या खोक्यात मागल्या दिवाळीच्या दिव्यांच्या माळा असत, आणि त्या कितीही निगुतीने गुंडाळून ठेवल्या तरी वर्षभरात त्यांचा गुंता होई. गुंता सोडविणे हे मुलांचे काम आणि विझलेला दिवा शोधणे हे घरातील कर्त्या पुरुषांचे. या माळांतील इवलेसे बल्ब एकामागे एक जोडलेले असत. चाळीस बल्ब 230 व्होल्ट आपसांत वाटून घेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहाच्याही आत व्होल्ट येत. त्यांतील एक गेला की सारी माळ अंधारात जाई. मग गेलेला बल्ब कापून तारा थेट जोडल्या जात. माळ पुन्हा पेटे, पण उरलेल्या प्रत्येक बल्बावर थोडा अधिक भार पडे. अशी चार-पाच ऑपरेशने झालेली माळ नेहमीपेक्षा झगझगीत दिसे, आणि घरातील माणसे कौतुकाने म्हणत, ‘जुनी असूनही पाहा कशी उजळते आहे!’ ती मरणाच्या वाटेवर असल्यामुळे उजळते आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

2014 सालच्या दिवाळीत त्या घराने हौसेला मर्यादा ठेवली नव्हती. ओसरीच्या दोन खांबांवर झिरोच्या रंगीत बल्बांची दोन तोरणे, दारात आकाशकंदील आणि अंगणातील रांगोळीवर प्रकाश टाकणारा हॅलोजन असा थाट होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धाकट्या मुलाने झब्ब्याला इस्त्री करण्यासाठी त्याच बोर्डात इस्त्री लावली आणि क्षणात ओसरी काळोखात बुडाली. फ्यूज उडाला होता. वायरमन मंडळी ज्याला किटकॅट म्हणतात, तो चिनीमातीचा ठोकळा काढून त्या उत्साही तरुणाने त्यात फ्यूजच्या बारीक तारेऐवजी जाड तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविले. दिवे आले, टाळ्या पडल्या, पूजा झाली. रात्री साडेनऊच्या सुमारास जळक्या रबराचा वास सुटला. मुख्य बटण वेळीच बंद केले गेले म्हणून निभावले. सकाळी तुळईलगतची लाकडी पट्टी उघडली, तेव्हा आतील तारेचा एक जोड वितळला होता आणि त्याखालचे लाकूड वीतभर कोळशासारखे झाले होते. तो सारा वाडा लाकडाचा, आणि माडीवर त्या वेळी दोन लहान मुले झोपलेली.

पुढच्या वर्षी सासूबाईंच्या शब्दाखातर त्या घरात विजेची आरास झाली नाही. फक्त पणत्या लागल्या. वायरिंग नवे झाले, तेही पैशाअभावी ओसरीपुरतेच.

2016 साली धाकट्या दिराने पुन्हा हट्ट धरला आणि एल.ई.डी.च्या सहा नव्या माळा घेऊन तो घरी आला. घरातील थोरली सून त्या वर्षी दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसण्याची तयारी करीत होती. सातवीनंतर सुटलेली शाळा तिने पस्तिशीत पुन्हा धरली होती, आणि विज्ञानाच्या पुस्तकातील विद्युतशक्तीचे प्रकरण नुकतेच वाचून झाले होते. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट मिळतात, हे सूत्र तिला पाठ होते. त्याचा घराशी काही संबंध असावा, असे मात्र तोवर तिला वाटले नव्हते.

‘भाऊजी, थांबा,’ ती म्हणाली. ‘आधी त्या वर्षी काय झालं ते मांडून पाहू.’

विजेच्या जुन्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर तिने मांडणी सुरू केली. झिरोच्या बल्बाचे नाव फसवे आहे. तो शून्य वॅट नव्हे, जवळजवळ 15 वॅट वीज घेतो. वीस-वीस बल्बांची दोन तोरणे म्हणजे 600 वॅट. कंदिलातील बल्ब 60, हॅलोजन 500. ओसरीवरचे दोन पंखे 150 आणि चोकसह दोन ट्यूबलाइट 110. एकूण 1420 वॅट. त्याला 230 ने भागले तर सहा अँपिअरांहून थोडा अधिक प्रवाह येतो. फ्यूज पाच अँपिअरांचा होता, पण इतकी आगळीक तो काही काळ सोसतो. त्यात इस्त्रीचे 1000 वॅट पडले आणि आकडा 2420 वर, म्हणजे साडेदहा अँपिअरांवर गेला. तारेतील प्रवाह दुप्पट झाला की तिच्यातील उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. फ्यूजने आपले काम चोख केले होते. घरातल्यांनीच त्याची जीभ कापून तिथे जाड तार बसविली, आणि मग पट्टीतील तो सैल जोड तासन्‌तास तापत राहिला तरी त्याला अडविणारे कोणी उरले नाही.

दीर काही वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘वहिनी, म्हणजे ते मीच केलं होतं.’ तिने उत्तर दिले नाही. कागद उलटून ती नव्या माळांकडे वळली.

इथे अडचण आली. माळांच्या खोक्यांवर रंगीत चित्रे होती, वॅटचा आकडा कोठेच नव्हता. स्वस्त मालाची ही खोड आजही गेलेली नाही. तेव्हा तिचे लक्ष मीटरकडे गेले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, ती संख्या मीटरवरच छापलेली असते. त्यांच्या मीटरवर ती 3200 होती. फ्रिजपासून देवघरातल्या दिव्यापर्यंत घरातील सारे काही बंद करून फक्त सहा माळा लावल्या. दीर घड्याळ धरून बसला, मुले तोंडाने मोजू लागली, आणि सासूबाई अंधारात ‘काय हे दिवाळीच्या तोंडावर!’ असे पुटपुटत राहिल्या. पाच मिनिटांत दिवा सोळा वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला 192 वेळा. 192 ला 3200 ने भागले की 0.06 युनिट येते, आणि 1 युनिट म्हणजे 1000 वॅट तासभर. तेव्हा सहा माळा मिळून अवघे 60 वॅट!

हा आकडा तिने दोनदा पडताळला. कंदिलात 9 वॅटचा एल.ई.डी. बल्ब आणि अंगणात 30 वॅटचा दिवा धरला, तरी बेरीज 99 वॅट होत होती; प्रवाह अर्ध्या अँपिअरहूनही कमी. रोज सहा तास याप्रमाणे पाच दिवसांची दिवाळी तीन युनिटांत भागणार होती. जुन्या आराशीला तेवढ्याच तासांत जवळजवळ 35 युनिटे लागत. ज्या वर्षी त्या वाड्यातील पट्टी जळाली, त्याच 2014 साली इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना निळ्या एल.ई.डी.च्या शोधाबद्दल भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. निळा प्रकाश देणारी ही चकती साधली, म्हणून कमी विजेत पांढरा उजेड देणारे आजचे दिवे शक्य झाले.

‘एवढं कमी लागतं, तर आणखी सहा आणू?’ दिराचा उत्साह परतला होता.

‘बेरीज कमी आली, जोड तेवढेच राहिले,’ ती म्हणाली. आणि ते खरेच होते. कागदावरच्या वॅटांत तारेचा जोड येत नाही. माळेला माळ अडकवीत गेले की साऱ्यांचा प्रवाह पहिल्या माळेच्या केसासारख्या बारीक तारेतून जातो. सड्याने ओले झालेले अंगण, गॅलरीचा लोखंडी कठडा, खिळ्याने दाबून धरलेली वायर आणि दोन वर्षांपूर्वीची सुटत आलेली चिकटपट्टी यांना कमी वॅटची माळही पुरेशी धोकादायक असते. म्हणून माळा खिळ्यांऐवजी सुतळीने बांधायच्या, दोनपेक्षा अधिक एकीला एक जोडायच्या नाहीत आणि जोड जमिनीपासून उंच ठेवायचे, असे तिने ठरविले. भार अर्धा अँपिअर असला तरी वायरमनला बोलावून तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे उपकरण मात्र तिने बसवून घेतलेच. त्याचा खर्च माळांच्या किमतीहून कितीतरी अधिक होता, आणि त्यावरून घरात दोन दिवस कुरबुर झाली.

सासूबाईंनी होकार देण्याआधी तो कागद मागून घेतला. त्यांना आकडे कळले नाहीत, पण मांडणीची रीत ओळखीची वाटली असावी. त्या स्वतः दर धनत्रयोदशीला किती पणत्या, प्रत्येकीत किती पळ्या तेल आणि ती किती वाजेपर्यंत जळेल, हे बोटांवर मोजूनच तेलाचा डबा उघडीत. ‘इस्त्री दुपारीच उरकायची,’ एवढेच त्या म्हणाल्या.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ओसरी उजळली. साडेसहाच्या सुमारास शेजारच्या बिऱ्हाडातील काका एक वायर हातात घेऊन पायरीशी आले. ‘सूनबाई, आमची एक माळ तुमच्या बोर्डाला लावतेस का? आमचा प्लग सैल झालाय.’

तिने हात पुढे केला आणि विचारले, ‘काका, किती वॅटची?’

काकांनी खोका उलटापालटा करून पाहिला. एव्हाना थोरला मुलगा घड्याळ आणायला आत पळाला होता.