सावकाश होऊं द्या

गोल्फ हा खेळ आमच्या वाचकांच्या घरांत फारसा शिरलेला नाहीं, हें आम्ही जाणून आहों. नाशिककरांच्या कित्येक पिढ्या ‘गोल्फ क्लब मैदाना’वर फिरावयास व क्रिकेट पाहावयास जात आल्या, परंतु त्यांपैकीं बहुतेकांनीं तेथें गोल्फ कधीं पाहिला नसेल. असें असतां या खेळांतील एका बारीकशा शिष्टाचारावर चार शब्द लिहिण्याचें कारण इतकेंच कीं, तो ज्या अडचणींतून निघाला ती अडचण प्रत्येक भरल्या घरांत रोज उभी राहते. आपल्याहून संथ असलेल्या माणसाबरोबर कसें वागावें, ही ती अडचण होय.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम थोडें सांगितलें पाहिजे. विस्तीर्ण हिरव्या माळावर एकंदर १८ खळगे असतात. प्रत्येकाचा व्यास सव्वाचार इंच. हें माप १८९१ सालीं कायम झालें. दूरच्या ठराविक जागेवरून काठीनें चेंडू टोलवीत तो खळग्यांत घालावयाचा, आणि ज्यास कमी टोले लागतील तो जिंकला. खेळाडू दोघे, तिघे किंवा चौघे मिळून निघतात. एक गट पुढें गेला कीं आठ-दहा मिनिटांनीं दुसरा सुटतो, त्याच्यामागून तिसरा. एकट्यानें आलेल्या गृहस्थास बहुधा कोणत्या तरी गटास जोडून देतात. म्हणजे ज्याचें तोंडही पूर्वीं पाहिलें नाहीं अशा माणसाशीं चार-साडेचार तासांचा संसार मांडावा लागतो. आपला टोला झाला तरी सोबत्याचा होईपर्यंत उभें राहण्यावांचून गत्यंतर नसतें.

येथें संथपणाचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे. चौघांच्या गटांत प्रत्येकानें नव्वद टोले मारले, आणि प्रत्येक टोल्यास अवघे १० सेकंद अधिक घेतले, तर सबंध खेळांत पुरा एक तास वाढतो. हा तास केवळ त्या चौघांचा जात नाहीं. मागचा गट अडतो, त्याच्यामागचाही अडतो, आणि एकेरी लोहमार्गावर एक गाडी रखडली म्हणजे मागच्या प्रत्येक स्थानकावर जशी माणसें ताटकळतात, तशी अवस्था सबंध मैदानाची होते. म्हणून संथ सोबती लाभलेल्या खेळाडूवर एकाच वेळीं दोन ऋणें असतात. सोबत्यास घाई न करणें हें पहिलें, आणि मागून येणाऱ्यांस खोळंबून न ठेवणें हें दुसरें. हीं दोन्ही फेडावयाचीं कशीं, यांतच सारें कसब आहे.

हा प्रश्न या खेळाइतकाच जुना दिसतो. स्कॉटलंडांत एडिंबरोजवळ लीथ येथें १७४४ सालीं या खेळाचे पहिले १३ लेखी नियम झाले. त्यांतील बाराव्या नियमाचा आशय असा कीं, ज्याचा चेंडू खळग्यापासून सर्वांत दूर त्यानें प्रथम खेळावें. पुढें हा खेळ हिंदुस्थानांत आला. कलकत्त्यास, म्हणजे आतांच्या कोलकात्यास, १८२९ सालीं व मुंबईनजीक चेंबूर येथें १९२७ सालीं त्याचे क्लब निघाले. बाराव्या नियमाची ती रीत या सर्व काळांत टिकून राहिली. परंतु माणसें वाढलीं, मैदानें गजबजलीं, आणि रूढीस मुरड घालावी लागली. पूर्वीं दोघांच्या सामन्यास चौघांच्या गटापेक्षां वाटेचा अधिक मान असे, व एकट्या खेळाडूस तर कांहींच मान नसे. २००४ सालापासून जो जलद त्यास वाट, मग तो एकटा कां असेना, असें ठरलें. २०१९ सालच्या नियमांनीं हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पांच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली. एका टोल्यास ४० सेकंदांहून अधिक वेळ घेऊं नये अशी शिफारस केली. आणि जेथें टोल्यांच्या एकूण संख्येवर निकाल लागतो तेथें, कोणास धोका नसेल तर, जो तयार असेल त्यानें क्रम सोडून खेळावें, यास उत्तेजन दिलें. दोघांच्या समोरासमोरच्या सामन्यांत मात्र क्रमाचें महत्त्व अद्याप आहे.

नियमांनीं एवढें केलें. पण सोबत्याच्या मनास काय वाटतें, याची व्यवस्था कोणत्याही पुस्तकास करतां येत नाहीं. संथ माणसास आपण संथ आहों हें पुरतें ठाऊक असतें. जलद सोबती तोंडानें कांहीं न बोलतां मनगटावरील घड्याळाकडे पाहतो, काठीवर रेलून सुस्कारा टाकतो, अथवा दहा पावलें पुढें जाऊन पाठमोरा उभा राहतो. आणि तेवढ्यानेंच त्या बिचाऱ्याचा हात थरथरूं लागतो. मग टोला चुकतो, चेंडू झुडपांत जातो, तो शोधण्यांत तीन मिनिटें जातात. म्हणजे ज्या उतावळेपणानें वेळ वांचावयाचा, त्यानेंच तो गमावला. शहाणा सोबती सोबत्यास हलविण्याऐवजीं स्वतः हलतो. दुसरा खेळत असतां तो आपली काठी निवडून ठेवतो, अंतर मोजून ठेवतो. सोबत्याचा चेंडू कोठें पडतो यावर तो स्वतःच्या चेंडूइतकीच नजर ठेवतो, कारण वृद्ध डोळ्यांस तो दिसलेला नसतो. वाळूच्या खड्ड्यांतील पाउलखुणा दांताळ्यानें पुसणें, निशाण उचलून धरणें, हीं कामें तो न सांगतां उरकतो. अशा रीतीनें वांचलेलीं मिनिटें तो संथ माणसाच्या पदरांत टाकतो, आणि टाकलीं असें कळूंही देत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत पुण्याकडील एका मैदानावर आम्हांस असे दोन अनोळखी सोबती मिळाले होते. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सेवानिवृत्त गृहस्थ. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळें चढावर दर वीस पावलांनीं थांबत. दुसरा तिशीचा तरुण; त्याचा चेंडू वृद्धांच्या चेंडूच्या दुप्पट दूर जाई. चौथ्या खळग्यापाशीं पोंचतों तों मागील चौघे आमच्या पाठीशीं येऊन उभे राहिलेले दिसले. वृद्ध गृहस्थांनीं कपाळ पुसलें व म्हणाले, “तुम्ही दोघे व्हा पुढें. माझ्यापायीं सगळ्यांचा खोळंबा होतो. हा नाद आतां सोडूनच द्यावा म्हणतों.”

हें वाक्य वरवर साधें असलें तरी त्यांतील भार आम्हांस जाणवला. ज्या माणसाचें कार्यालय सुटलें, बरोबरीचे मित्र एक एक करून गेले, त्याचा आठवड्यांतील हा एकच बाहेरचा दिवस उरलेला असावा, आणि तोही आपण दुसऱ्यांस ओझें होतों या समजुतीनें तो टाकावयास निघाला होता. तरुणानें त्यांची समजूत घालीत बसण्याचा खटाटोप केला नाहीं. तो म्हणाला, “काका, आपण जरा बाजूला होऊं. मागच्यांना जाऊं द्या. तोंवर आपण त्या बांकावर बसूं या.” त्यानें हात वर करून मागील मंडळींस खूण केली, ते चौघे आभार मानून पुढें गेले. आठ-दहा मिनिटें गेलीं असतील. तेवढ्यांत वृद्धांनीं पाणी घेतलें, आणि समोरचे वृक्ष आपण प्रथम येथें आलों तेव्हां गुडघ्याएवढे होते, अशी हकीकत सांगितली. पुढें त्यांचा खेळ कांहीं फारसा सुधारला नाहीं. परंतु सोडून देण्याची भाषा पुन्हां निघाली नाहीं, आणि निरोप घेतांना त्यांनीं त्या तरुणास विचारलें, “पुढच्या रविवारीं आहांत ना?”

त्या तरुणाचा सारा शिष्टाचार एका शब्दांत होता. आपल्या मराठीनें ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निराळे शब्द राखून ठेवले आहेत. इंग्रजीस एकावरच भागवावें लागतें. हा लेख लिहितांना ‘आम्ही’ म्हणतों त्यांत वाचक येत नाहीं. ‘आपण’ म्हटलें कीं तोही आंत आला. ‘तुमच्यामुळें उशीर होतो’ हें वाक्य खरें असूनही माणसास एकटें पाडतें. ‘आपण बाजूला होऊं’ यांत उशीर दोघांचा होतो, आणि दोघांत वांटला म्हणजे तो हलका होतो. मागच्यांचें ऋण फिटलें, सोबत्याचेंही फिटलें.

येथें कोणी म्हणेल कीं, मग प्रत्येक संथ माणसाचे लाड करावयाचे काय? मुळींच नाहीं. संथपणा दोन प्रकारचा असतो. एक शरीराचा, तो वयानें, आजारानें किंवा नवशिकेपणानें येतो. दुसरा संवयीचा. चाळिशीचा धडधाकट गृहस्थ दोन हात अंतरावरील चेंडूसाठीं खाली बसून चारी दिशांनीं जमीन न्याहाळतो, पांच वेळां हवेंत काठी फिरवितो, आणि मागें माणसें उन्हांत उभीं आहेत हें ठाऊक असूनही ढिम्म राहतो. अशास सहन करणें म्हणजे मागच्यांवर अन्याय करणें. त्यास बाजूस घेऊन, चारचौघांच्या कानीं न जाईल अशा बेतानें, स्पष्ट सांगावें. नियमांसही हा भेद मान्य आहे. विनाकारण दिरंगाई करणाऱ्यास पहिल्या वेळीं एका टोल्याचा दंड, दुसऱ्या वेळीं त्याहून भारी, आणि तिसऱ्या वेळीं तो स्पर्धेंतूनच बाद, अशी तरतूद आहे. शरीराच्या संथपणास सांभाळावें, संवयीच्या संथपणास सांगावें. आणि या दोहोंत गल्लत होऊं देऊं नये.

हें सारें वाचून आमच्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आपली पंगत आठवली असेल. पंगतींत सर्वांचें होईपर्यंत उठूं नये ही आपली जुनी रीत. घरांत ज्यांचे दांत गेले आहेत अशा आजीबाई शेवटचा ताकभात कालवीत असतात, आणि ज्याचें पान केव्हांच स्वच्छ झालें तो नातू उगाच आणखी थोडें ताक मागून घेतो. आजी एकटी मागें राहूं नये, इतकाच त्याचा हेतु. यजमान पंक्तीवरून फिरतांना म्हणतात, “सावकाश होऊं द्या.” पण लग्नकार्यांत दुसरी पंगत दाराशीं तिष्ठत असते, तेव्हां हेच यजमान वाढप्यांस दुप्पट वेगानें फिरावयास लावतात. ज्यानें भरभर हलावयाचें तो वाढपी. जेवणाऱ्यास मात्र ‘सावकाश’ हाच शब्द. गोल्फच्या मैदानावर जलद खेळाडूचें काम या वाढप्याचें आहे.

अलीकडे घरें लहान झालीं, माणसें पांगलीं, पंगती क्वचित् बसूं लागल्या. तरुण मंडळीस आपल्याहून संथ माणसाच्या शेजारीं तास-दोन तास राहण्याचे प्रसंगच थोडे येतात. म्हणून अशा खेळाचें आम्हांस विशेष महत्त्व वाटतें. येथें वीस वर्षांचा व ऐंशी वर्षांचा एकाच वेळीं, एकाच वाटेनें, एकाच नियमानें चालतात. ज्यांच्या गांवीं गोल्फचें मैदान नाहीं, त्यांच्या घरीं जिना आहे, देवदर्शनाची वाट आहे, संध्याकाळचें फिरणें आहे. आजोबा तिसऱ्या पायरीवर थांबले म्हणजे आपणही तेथेंच थांबावें, आणि मागून कोणी घाईनें येत असेल तर त्यास वाट करून द्यावी. आजोबांस विचारावयाचेंच झालें तर ‘दमलांत काय?’ असें विचारूं नये. ‘आपण जरा टेकूं या’ असें म्हणावें.