परगावचे पाणी

हौसेने प्रवास करणारा आणि कामासाठी प्रवास करणारा, या दोघांना एकच गाव सारखे दिसत नाही. हौशी प्रवासी पाहुणा म्हणून जातो. गावही त्याच्यापुढे नटूनथटून येते. किल्ला, देऊळ, राजवाडा, जे काही मिरवण्याजोगे असेल ते पुढे करते. कामकरी प्रवाशाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. पहाटे चार वाजता एस.टी. स्थानकावरचा पहिला चहा, विश्रामगृहातील कुबट वासाची खोली, आणि दिवसभर काम संपवून परतीची गाडी गाठण्याची घाई, एवढेच त्याच्या नशिबी असते. परंतु त्याला एक लाभ होतो. गावाचे पारोसे तोंड त्याच्या दृष्टीस पडते. आणि माझा अनुभव असा आहे की, माणसाप्रमाणे गावाचीही खरी ओळख त्याच्या पारोशा तोंडावरूनच पटते.

इंग्रजीचा प्राध्यापक या नात्याने गेली तीस वर्षे मी असा हिंडत आलो आहे. कोठे तोंडी परीक्षा, कोठे उत्तरपत्रिकांची फेरतपासणी, तर कोठे निवड समितीवर विषयतज्ज्ञ. धुळ्यापासून कोल्हापूरपर्यंत आणि रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत, जेथे माझ्या पिशवीने मुक्काम केला नाही असे शहर थोडेच उरले असेल. प्रत्येक वेळी परत यावयाचे ते मात्र विचुंब्यास. पनवेलजवळ गाढी नदीच्या काठी वसलेले हे माझे गाव. पूर्वेस माथेरानचा डोंगर आणि प्रबळगड, मधून वाहणारी नदी, आणि दोहों बाजूंस भाताची खाचरे, असे त्याचे रूप माझ्या लहानपणी होते.

माझे वडील भातशेती करीत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. तालुक्याबाहेर त्यांचे पाऊल क्वचितच पडले. मी अगदी प्रथम सोलापुरास परीक्षक म्हणून जाऊन आलो, तेव्हा मोठ्या उत्साहाने त्यांच्यापुढे त्या शहराचे वर्णन केले. भुईकोट किल्ला सांगितला, चहाच्या एकाच दुकानात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कशा ऐकू येतात ते सांगितले, १९३० साली त्या शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला होता आणि पुढल्या जानेवारीत तेथील चौघे जण फासावर गेले, तेही सांगितले. दादांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले,

"बाला, तिकरं पानी कसा हाय?"

मी गप्प झालो. तीन दिवस त्या शहरात राहून मी अंघोळ केली होती, पाणी प्यालो होतो. परंतु ते कोठून येते, गोड आहे की मचूळ, आणि लोकांना पुरते की नाही, याचा मला पत्ता नव्हता. इतरांना प्रश्न विचारण्यासाठी मानधन घेऊन गेलेला परीक्षक घरच्या ओटीवर पहिल्याच प्रश्नाला नापास झाला.

प्रश्न फुटला की विद्यार्थी तेवढीच तयारी करतो. मीही तेच केले. पुढच्या प्रत्येक प्रवासात मी दादांच्या प्रश्नाचे उत्तर जमवू लागलो. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण एवढी पुस्तके वाचून मला शहर पाहण्याची जी रीत साधली नव्हती, ती या एका प्रश्नाने साधली. पाणी विचारले की माणसे बोलतात. विद्यापीठाविषयी विचारले तर रिक्षावाला खांदे उडवतो. पाण्याविषयी विचारले तर तो गाडी बाजूला घेऊन सारा इतिहास सांगतो.

सोलापुरास पुन्हा गेलो तेव्हा सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसलो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून हे तळे उभारले, अशी तेथील परंपरा. आजचे शहर मात्र शंभराहून अधिक किलोमीटरांवरच्या उजनी धरणाचे पाणी पिते. आणि तेही अनेक दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे, मी उतरलो होतो तेथे पाणी येण्याचा वार हा सणासारखा पाळला जात होता. त्या पहाटे साऱ्या गल्लीतील दिवे लागले होते, आणि बादल्यांचा, हंड्यांचा, पिंपांचा एकच गजर चालला होता. चौथी भाषा त्या दिवशी मला कळली नाही. पण चारी भाषांतली भांडणे एकाच विषयावर आहेत, हे चांगले कळले.

धुळ्यास गेलो, तो राजवाडे संशोधन मंडळ पाहावे या इच्छेने. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस याच गावी वारले आणि लगेच पुढच्या वर्षी हे मंडळ त्यांच्या नावाने उभे राहिले. ते पाहिलेच, परंतु दादांसाठी मी जे घेऊन आलो ते निराळे होते. पांझरा नदीवर ठिकठिकाणी जुने बंधारे आहेत. त्यांतून पाट निघतात, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात, आणि एका फडात एका हंगामास सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे असा रिवाज. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे. सरकारी कायद्याच्या फार आधीपासून, शेतकऱ्यांनी आपापसांत मानलेल्या नियमांवर ही फडपद्धत कैक पिढ्या चालली. दादा हे ऐकून खूष झाले. "एकच पीक म्हंजे भांडान नाय," ते म्हणाले. मी त्यावर वाचलेल्या साऱ्या विवेचनाचे सार त्यांनी चार शब्दांत काढले होते.

आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहरी पाणचक्की पाहिली. मलिक अंबराने सतराव्या शतकात वसवलेल्या त्या नगरीला डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरींनी आणून दिले होते. पुढे त्याच तऱ्हेने आणलेल्या पाण्यावर येथे जाते फिरू लागले. कोल्हापुरात राधानगरीच्या धरणाची हकीकत ऐकली. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेले ते काम त्यांच्या पश्चात पुरे झाले. ज्याचे पाणी आपणास प्यावयास मिळणार नाही असे धरण बांधावयास घेणे, हीही एक प्रकारची थोरवीच म्हणावयाची.

एप्रिल २०१६ मध्ये मी लातुरास होतो. तेथे मिरजेहून आगगाडीने पाणी येऊ लागले होते. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा दादांना प्रथम वाटले, मी थट्टा करीत आहे. खात्री पटल्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी उठून ते शेतातल्या विहिरीवर गेले, एक पोहरा पाणी काढले, ओंजळभर प्याले आणि उरलेले आळ्यात ओतून परत आले.

आता या विहिरीविषयी सांगितले पाहिजे. ती लहानशी होती. आजोबांनी खणलेली, वरच्या अंगास दगडांनी बांधलेली. भर मे महिन्यातही तिचा तळ आम्ही पाहिला नाही. परंतु गावाच्या चहूंकडून शहर येऊ लागले होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहिली, मग नवीन पनवेल वसले; २०१३ मध्ये विमानतळाच्या परिसरातील गावांसाठी 'नैना'ची घोषणा झाली. शेजारची खाचरे एकामागून एक भरली गेली. भावाला मुलांच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता, बहिणीला वाटा हवा होता, आणि शेती करणारा हात घरात उरला नव्हता. कागदावर सर्वांच्या सह्या झाल्या; त्यांत माझीही होती. कोणी फसवले नाही, कोणी बळजबरी केली नाही. दादांनीही अंगठा न उठवता, माझ्याकडूनच शिकलेली सही केली.

यानंतर काही महिन्यांनी कामानिमित्त मी साताऱ्यास गेलो. दुपारनंतरचा वेळ मोकळा मिळाला म्हणून तेथून जवळच लिंब येथे गेलो आणि बारा मोटेची विहीर पाहिली. शाहू छत्रपतींच्या काळी, १७१९ ते १७२४ या अवधीत, विरूबाई भोसले यांनी ती बांधविली. अष्टकोनी बांधणी, खाली उतरत जाणारा प्रशस्त जिना, मध्ये कमानींवर तोललेला महाल, आणि वर मोटा चालवण्याच्या जागा. उन्हाचा तुकडा खाली हिरव्या पाण्यावर पडला होता. मी भारावून छायाचित्रे काढीत होतो. तोच भावाचा फोन आला. आज आपली विहीर बुजवायला घेतली, मातीच्या गाड्या लागल्या आहेत, असे त्याने सांगितले. मी "बरे" म्हणालो. दुसरे काय म्हणणार? फोन खिशात ठेवला आणि आणखी दोन छायाचित्रे काढली. त्या दोन छायाचित्रांची मला आजही लाज वाटते.

घरी आलो. दादांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मीही नेहमीप्रमाणे उत्तर दिले. तीनशे वर्षांची विहीर, आत महाल, एका वेळी बारा मोटा चालाव्यात एवढे पाणी. त्यांना छायाचित्रे दाखविली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली.

"बारा मोटांची!" ते म्हणाले. "आपली एका पोहऱ्याची व्हती."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. फक्त 'व्हती' हा शब्द त्यांनी उच्चारला आणि मला कळले की, परगावी जाऊन आल्यावर सांगण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ असले, तरी घरचे सांगण्यासारखे काही मी ठेवले नव्हते. त्यानंतर दोन वर्षांनी दादा गेले. मी अजूनही कामासाठी हिंडतो आणि जेथे जातो तेथे सवयीने पाण्याची चौकशी करतो. परंतु परत आल्यावर उत्तर ऐकणारे कोणी ओटीवर नसते. खरे तर ओटीही राहिली नाही. शेताच्या जागी इमारत उभी आहे आणि तिच्याच दुसऱ्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड आहे.

वर्गात वर्डस्वर्थचे एक सुनीत मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. १८०२ साली वेस्टमिन्स्टरच्या पुलावरून त्याने पाहिलेल्या पहाटेच्या लंडनचे ते सुनीत. थेम्स नदी मी कधी पाहिली नाही, तरी तिच्यावर तासभर बोलू शकतो. विचुंब्याजवळ गाढीवरही पूल आहे. तो ओलांडताना माझे डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे असत. माथेरानच्या डोंगरात उगम पावून पनवेलच्या खाडीला मिळणारी ही नदी उन्हाळ्यात कशी दिसते, तिच्यात कोणते सांडपाणी येते, २००५ च्या जुलैमध्ये ती कोपली तेव्हा तिने आपली कोणती जुनी वाट धुंडाळली, यातले मी तिच्या काठी राहून किती पाहिले? परगावच्या रिक्षावाल्याला जे विचारले, ते स्वतःच्या गावात मी कधी कोणाला विचारलेच नाही. आपले गाव आपणास ठाऊकच आहे, अशी प्रत्येकाची समजूत असते. या समजुतीच्या आड गाव पार बदलून जाते. इकडे उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि २०२५ च्या डिसेंबरात त्या जागी नव्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडूही लागली. विचुंब्याच्या डोक्यावरून आता जगभरची गावे पाहणारी माणसे जातील.

गेल्या महिन्यात शेजारच्या बिऱ्हाडात एक तरुण राहावयास आला. लातूर जिल्ह्यातला. मालवाहतुकीच्या एका कचेरीत नोकरीला. सामान लावून झाल्यावर तो आमच्याकडे ओळख करून घेण्यास आला, माझ्या पत्नीने पुढे केलेला चहा त्याने घेतला आणि जरा घुटमळत विचारले, "सर, तुम्ही इथलेच ना? मग सांगा, इकडं पाणी कसं आहे?"

क्षणभर माझ्या छातीत काहीतरी हलले. आमच्या इमारतीस नळाचे पाणी अपुरे पडते. उन्हाळ्यात टँकर येतो, आणि तो कोठून भरून येतो हे मी कधी विचारलेले नाही. पुन्हा त्याच पहिल्या प्रश्नाला, तीस वर्षांनंतर, मी नापास होण्याच्या बेतात होतो.

मी त्याला खिडकीपाशी नेले. खाली मोटारी उभ्या असतात त्या फरशीचा कोपरा दाखविला आणि म्हणालो, "तेथे, त्या पांढऱ्या गाडीखाली, एक विहीर आहे." 'होती' म्हणावयाचे ते तोंडातून 'आहे' असे गेले, मी ते दुरुस्त केले नाही. मग आजोबांनी ती कशी खणली, मे महिन्यात पाणी कोठवर असे, गाढीला पूर आला की ते कसे गढूळ होई आणि श्रावण सरता सरता कसे पुन्हा निवळे, हे सारे सांगत गेलो. तो मुलगा मन लावून ऐकत होता. धुळ्यास पाटकऱ्याची हकीकत मी अशीच ऐकली असेन. त्याच्या दृष्टीने विचुंबे हे पोटासाठी पाहिलेले एक परगाव. आणि तो आपल्या घरी फोन करील तेव्हा त्याचेही कोणी वडीलधारे त्याला हाच प्रश्न विचारीत असतील.

"मग सर, गोड होतं का पाणी?" त्याने विचारले.

"गोड," मी म्हणालो. "आणि टँकरचे पाणी कोठून येते, ते मला ठाऊक नाही. रविवारी सकाळी तो येतो. खाली उतरू आणि दोघे मिळून त्यालाच विचारू."