रोटर

30 ऑक्टोबर 2023. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर ती बातमी तिघांनी टाकली. तिघांनाही एकच म्हणायचं होतं: आपलीही आहे की शेडमध्ये! पप्पांनी कोणालाच उत्तर दिलं नाही.

आमची 1984 ची. बारामती-इंदापूर रस्त्यावर लासुर्ण्याजवळ आमची वस्ती आहे. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्या आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांमागे ती पंधरा वर्षं उभी होती. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, वालचंदनगरला नोकरीला होते. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाने ते गाव आहे, त्यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. म्हणून अण्णा तिला 'आपल्या शेठची गाडी' म्हणायचे. नाहीतर फियाट. पद्मिनी असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला, तेव्हा मी पप्पांकडे दोन रविवार मागून घेतले. बारामतीहून एक म्हातारे मिस्त्री आणले. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

पहिल्या रविवारी चाचांनी फक्त चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं आणि चहा पिऊन निघून गेले. मला वाटलं, फसवलं. पण इतकी वर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारला, तर अडकलेल्या पिस्टनची वाट लागते. पुढच्या रविवारी त्यांनी पान्याने इंजिन हळूहळू हाताने फिरवलं. फिरलं. मग नवी बॅटरी लावली. सेल्फ मारला की इंजिन नुसतं घरघरायचं, पेट घ्यायचं नाव नाही.

"आधी करंट बघू, मग पेट्रोल," चाचा म्हणाले.

या गाडीत ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डिस्ट्रिब्युटरमधले दोन छोटे पॉइंट मिटतात, उघडतात. उघडण्याच्या क्षणी कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका निघतो, आणि रोटर गोल फिरत तो झटका एक, तीन, चार, दोन या क्रमाने प्लगांना वाटत जातो. एवढंच. त्यामुळे बिघाड शोधायचा म्हणजे करंटचा माग काढत जायचं आणि तो कुठे थांबला ते बघायचं.

प्लग इंजिनाला टेकवला, ठिणगी नाही. कॉइलची मधली जाड वायर काढून इंजिनाजवळ धरली, तिथेही नाही. चाचांनी बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प काढला. कॉइलपर्यंत करंट येत होता. तोच लॅम्प कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला लावून मला सेल्फ मारायला सांगितला. तिथे तो लुकलुकायला हवा होता. तो एकसारखा जळत राहिला.

"पॉइंट धरत नाहीत. गंज."

डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या दोन क्लिपा त्यांनी उघडल्या आणि थांबले. आत बघितलं, मग पप्पांकडे.

"सर, रोटर कुठंय?"

अंगठ्याएवढा तुकडा असतो, वर पितळेची पट्टी. तो आपोआप पडत नाही. पूर्वी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लोक रोटर काढून खिशात घालून न्यायचे, असं चाचा सांगत होते. तोवर पप्पा घरात गेले होते. परत आले ते औषधाची जुनी प्लॅस्टिकची डबी घेऊन. आत रोटर, कापसात गुंडाळलेला.

अण्णांना काचबिंदू होता. त्या वर्षी उसाच्या सीझनमध्ये भवानीनगरजवळ एका बिनदिव्याच्या ट्रॉलीला त्यांची गाडी रात्री घासली. आजी शेजारी बसलेली. कोणाला लागलं नाही. चावी मागितली तर अण्णा द्यायचे नाहीत. तेव्हा पप्पांनी एका दुपारी रोटर काढला आणि अण्णांना सांगितलं, बिघाड मोठा आहे, पार्ट मिळत नाही. मला आठवतं, त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा संध्याकाळी शेडमध्ये जाऊन सेल्फ मारायचे. बॅटरी उतरेपर्यंत.

पण हेच अण्णा दर काही हजार किलोमीटरला पॉइंटचा गॅप स्वतः लावायचे. क्लिपा दोनच. आत हात घातला तरी कळलं असतं, डोळे कशाला हवेत?

"त्यांनी मला कधी विचारलंच नाही," पप्पा म्हणाले. माझ्याकडे न बघता, चाचांना.

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, पेट्रोलच्या फडक्याने पुसले, फिलर गेजने गॅप लावला. कंडेन्सर विश्वासाचा नाही म्हणून बरोबर आणलेला नवा टाकला. रोटर पप्पांनीच बसवला. आता कॉइलच्या वायरला निळी, कडक ठिणगी आली. प्लगलाही आली. कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीच्या झाकणाने पेट्रोल ओतलं, आणि इंजिन धडधडून पेटलं. पाच-सहा सेकंद. कडब्यातून दोन मांजरं पळाली. मग बंद.

करंटचं काम झालं होतं. टाकीतला गंज, पेट्रोल पंप, ब्रेक, टायर हे सगळं बाकी होतं, आणि आरटीओचे कागद तर वेगळाच अध्याय. चाचा हात पुसत पुढच्या रविवारचं बोलत होते. पप्पा स्टिअरिंगवर बसूनच होते.

"अजून एकदा मारू का सेल्फ?"

"बॅटरी उतरेल, सर."