जव्हारचे डोंगर आणि एका इंजिनाचे विमान

जव्हारच्या हनुमान पॉइंटवरून खोल दऱ्या आणि उतारावरची नाचणी-वरईची शेते दिसतात. पुढे मोखाड्याकडे सपाट जमीन आणखी विरळ होते. पर्यटकाला हे सौंदर्य वाटते; एका इंजिनाच्या विमानाच्या वैमानिकाला मात्र ही चिंता वाटेल. इंजिन बंद पडले तर विमान तरंगत खाली येते, पण उतरायला मोकळे शेत लागतेच.

जव्हारचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फ्लाईट लेफ्टनंट होते. त्या काळी नवशिके वैमानिक टायगर मॉथ या दोन आसनी, कापडी आवरणाच्या विमानावर शिकत.

या डोंगरांच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूने अहमदाबाद-जुहू ही सरळ रेषा जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास जुन्या लेपर्ड मॉथमधून एकट्याने केला.

लेपर्ड मॉथचा सांगाडा लाकडी. असे विमान विकत घेणे हा एकदाचा खर्च. त्याचे जतन मात्र नित्याचे. ओलीने लाकूड कुजते, उन्हाने कापड विरते. म्हणून प्रत्येक उड्डाणाचे तास आणि प्रत्येक दुरुस्ती नोंदवहीत चढते. व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीप्रमाणे तीत एकही नोंद राहून चालत नाही. जुन्या विमानाची विश्वासार्हता त्याच्या वयावरून नव्हे, या वहीवरून ठरते.