वाकण्याचे कारण

लेखात स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची खोड आम्हांला जुनीच आहे. शाळेतल्या एका निबंधावर बाईंनी 'संपादकीय कशाला लिहितेस?' असा शेरा मारला होता, तरी ती गेली नाही. मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले', हे ठरवल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. 'आम्ही गेलो' म्हटले, की बोलणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापदाला सांगावे लागत नाही. ही सोय आम्हांला तेराव्या वर्षी सापडली. आमच्या देहाविषयी इतरांनी बोलायला सुरुवात केली तेही त्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, हे मात्र अलीकडे ध्यानात आले.

आता आमचे वय सव्वीस. येत्या सोमवारी आमच्या स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया आहे. गेले तीन महिने तिच्या तयारीत गेले, आणि या तयारीतला अवघड भाग तपासण्यांचा नव्हता, वाक्यांचा होता.

मराठीत छाती ही धैर्याची जागा आहे. माणसे छाती काढून चालतात, छातीठोकपणे बोलतात. आम्ही पोक काढून चालायला शिकलो. दप्तर पाठीवर न घेता पुढे कवटाळून धरले, खेळाच्या तासाला पोट दुखल्याची सबब सांगितली, बसमध्ये उभे राहण्याची जागा दाराजवळ की खिडकीजवळ याचा हिशेब रोज केला. घरात या विषयाला शब्द नव्हता. 'अंगानं भरलीय' एवढेच म्हटले जाई, आणि तेही कौतुकाने. मान दुखते, खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्या आहेत, उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी सोलवटते, पालथे झोपून वाचता येत नाही, हे त्या कौतुकात कुठे बसवावे ते कळेना.

शब्द होते ते साहित्यात, आणि मुबलक होते. मेघदूत शिकताना उत्तरमेघातल्या यक्षपत्नीच्या वर्णनाशी वर्ग थबकला. स्तनांच्या भाराने ती किंचित वाकलेली आहे, असे यक्ष मेघाला सांगतो. तिला ओळखण्याची ती एक खूण. मल्लिनाथ टीकेत आवर्जून स्पष्ट करतो, की हे वाकणे देहातल्या दोषामुळे नव्हे. सरांनी ही सूक्ष्मता रसिकतेने उलगडून दाखवली. मागच्या बाकावर कुणी तरी हसले. आम्ही मान खाली घालून वहीत 'दोषामुळे नव्हे' असे लिहून घेतले. त्या क्षणी आमची मान दुखत होती. कालिदासाविषयी आमची तक्रार नाही. विरहात झुरणारा नवरा बायकोचे वर्णन कौतुकानेच करणार. पण ती यक्षिणी अलकेत दिवसभर वाकून वावरते, आणि तिला स्वतःला त्याचे काय वाटते हे विचारायला मेघाला कुणी सांगितलेले नाही, हे तेव्हापासून मनातून गेले नाही.

डॉक्टरबाईंनी ते विचारले. 'तुम्हाला नेमका काय त्रास होतो?' साहित्यात एम. ए. केलेल्या आमच्या तोंडून निघाले, 'तसं विशेष काही नाही.' त्यांनी घाई केली नाही. खांद्यांवरच्या खाचा पाहिल्या, टेप काढली. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर साधारण वीस-एकवीस सेंटीमीटर असते, आमचे एकतीस भरले. प्रत्येक बाजूचे सहाशे ग्रॅमच्या आसपास काढावे लागेल, असा त्यांचा अंदाज आहे. मग भिंतीशी उभे करून छायाचित्रे घेतली, चेहरा न येईल अशी. 'ताठ उभ्या राहा,' त्या म्हणाल्या. आम्ही उभे राहिलो. 'अजून ताठ,' त्या म्हणाल्या. आम्हांला वाटत होते की आम्ही ताठच आहोत.

शस्त्रक्रिया कशी करतात, हे त्यांनी कागदावर काढून दाखवले. स्तनाग्र सहसा पूर्ण सुटे करत नाहीत. रक्तपुरवठ्यासाठी ते आतल्या ऊतींच्या एका देठावर ठेवतात आणि वर सरकवतात. भोवतालची जास्तीची त्वचा, चरबी आणि ग्रंथी काढून उरलेले पुन्हा जुळवतात. व्रण नांगराच्या आकाराचा राहतो, म्हणजे जहाजाच्या नांगराच्या. त्वचा कापण्याचा हा आराखडा रॉबर्ट वाइझ या शल्यविशारदाने १९५६ साली मांडला, आणि तो सुचला ब्रेसियरच्या कापणीवरून. हे ऐकून आम्हांला आमचे शिंपीकाका आठवले. सपाट कापडातून गोलाई आणायची तर पाकळ्या कापून जोडाव्या लागतात, हे कटोरी ब्लाउज शिवणाऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. तेही टेप लावत आणि आकडा दुकानभर ऐकू जाईल असा मदतनिसाला सांगत. डॉक्टरबाईंनी आकडा हळू आवाजात आम्हांला सांगितला. टेप तीच, पण आकडा प्रथमच आमच्या मालकीचा झाला.

विमा कंपनीने पहिला अर्ज फेटाळला. सौंदर्यवर्धनासाठीच्या शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेल्या असतात. विमा नियामकाने २०१९ साली अशा अटींची भाषा एकसारखी केली, तीतही हे कलम आहे. अपवाद आहे तो आरोग्याचा थेट धोका टाळण्यासाठी आवश्यक उपचारांचा, आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. कंपनीच्या पत्राचा आशय एवढाच, की देहात दोष नाही. आम्हांला मल्लिनाथ आठवला. मग आम्ही स्वतः बसून दोन पाने लिहिली. मान, पाठ, खाचा, पुरळ, किती वर्षे, किती औषधे. विशेषण एकही वापरले नाही. आजवर लिहिलेल्या गद्यात ते बहुधा सर्वांत प्रामाणिक असावे. निर्णय अजून यायचा आहे. तोवर पैसे साठवलेल्यांतून जातील.

आईने विचारले, 'आणि उद्या मूल झालं तर?' हा प्रश्न आम्ही टाळणार नाही, कारण तो खरा आहे. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ जणी अंगावर पाजू शकतात, काहींना दूध अपुरे येते, काहींना येतच नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित जातेही. आधी कुणाला खात्री देता येत नाही, असे डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले. आम्ही ते आईला जसेच्या तसे सांगितले. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, 'माझीही पाठ दुखायची. मला वाटायचं, बायकांची दुखतेच.' त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा काढला नाही. आम्ही मात्र तो रोज रात्री काढतो. न जन्मलेल्या मुलाचे आपण काही हिरावून घेत आहोत का, याला आमच्याकडे उत्तर नाही. आहे ती फक्त तेरा वर्षांची पाठदुखी, आणि तिलाही मत असावे असे आता वाटते.

बाकीची तयारी साधी आहे. रक्ततपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, भूलतज्ज्ञांनी तपासून होकार दिला. मानदुखीसाठी घ्यायचो त्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून त्या दोन आठवड्यांपासून बंद आहेत. रविवारी रात्री लवकर जेवायचे. नंतर काही दिवस हात वर करता येणार नाहीत, तेव्हा पुढून बटणे असलेले कपडे हवेत, असे यादीत होते. ही यादी फ्रिजवर लावलेली. परवा बाबांनी आपले तीन जुने सदरे इस्त्री करून आमच्या पलंगावर ठेवले. या विषयावर ते आमच्याशी एक शब्दही बोललेले नाहीत. सदऱ्यांची तुटलेली बटणे नव्याने लावलेली होती.

संमतीपत्र काल वाचले. त्यात रक्तस्राव, जखम उशिरा भरणे, दोन्ही बाजूंत फरक राहणे, व्रण, संवेदना, दूध हे सगळे ओळीने आहे, आणि सुरुवात आहे 'मी, खाली सही करणारी' अशी. तेथे 'आम्ही' चालत नाही. 'करणारा'ही चालत नाही. आम्ही ते वाक्य दोनदा वाचले आणि सही केली.

सोमवारी सकाळी डॉक्टरबाई शाईच्या पेनने रेघा काढतील. त्या उभ्यानेच काढाव्या लागतात, कारण आडवे झाल्यावर आकार बदलतो. तोवर खोलीचे दार लावून, आरशासमोर, ताठ उभे राहण्याचा सराव चालू आहे.