माऊचं बजेट

मांजराला कच्चं मांस स्वस्तात कसं द्यायचं, असं मित्रमंडळी हल्ली विचारतात. बोनलेसच्या मागे लागूच नका राव! चिकनवाल्याकडे कोंबडीची हृदयं मागा. स्वस्त, आणि टॉरिन भरपूर. ते कमी पडलं की मांजराचं हृदय कमकुवत होतं, हे १९८७ मध्येच कळलंय. कलेजी मात्र थोडीच. आणि कॅल्शियम किती, ते व्हेटला विचारून.

पण कच्चंच का? डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने गेले. हा विषाणू फ्रीजरमध्ये मरत नाही, नीट शिजवलं की मरतो. म्हणून आमच्या माऊला उकडलेलंच, तेही पाण्यासकट, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरतं. गॅसचे चार पैसे जास्त जातात. जाऊ देत!