लोखंडावरची तारीख

मोटारगाडीविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांला नाही. इंजिनावरचे झाकण उघडले की आमचे ज्ञान तेथेच संपते. तरीही एका गाडीच्या विक्रीने आम्हांला जे शिकवले, ते गुरुविद्यालयातील नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही केवळ पाठ केले होते. म्हणून हे निवेदन.

2019 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेकडील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना आम्ही दोन महिने सेवा केली. तो सारा मुलूखच मोटारींचा. जवळच पाँटियाक नावाचे शहर आहे आणि त्याच नावाच्या गाड्या तेथे तयार होत असत. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यू या हमरस्त्यावरून जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. 1995 पासूनचा हा प्रघात. लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून दिवसभर बसतात.

रोज सकाळच्या मिस्सेला येणारे एक गृहस्थ होते. वय सत्तरीच्या पुढे, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलणे मोजके. एके दिवशी मिस्सेनंतर ते म्हणाले, "फादर, माझी गाडी विकायची आहे. त्याआधी तुम्ही ती पाहावी." आम्हांला वाटले, आशीर्वाद हवा असेल.

गॅरेजमध्ये उभी होती 1969 सालची पाँटियाक जीटीओ. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवून तयार केलेल्या अशा गाड्यांना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. या पंथाची सुरुवात 1964 च्या जीटीओपासून झाली असे बहुतेक जण मानतात. पुढे धुरावरचे निर्बंध, विम्याचे वाढते हप्ते आणि 1973 ची तेलटंचाई यांनी त्या गाड्यांचे युग संपवले. पाँटियाक हे नावही बंद करण्याचा निर्णय 2009 मध्ये जाहीर झाला. म्हणूनच उरलेल्या गाड्यांना आज मोल आहे.

ही गाडी साधी जीटीओ नव्हती. तिच्या अंगावर 'द जज' अशी अक्षरे होती. दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमात गाजलेल्या वाक्यावरून पाँटियाकचे तत्कालीन प्रमुख जॉन डिलोरियन यांनी हे नाव उचलले होते. मूळ गाडीच्या किमतीवर सुमारे 332 डॉलर अधिक दिले की नारिंगी झाक असलेला रंग, पट्टे, मागचा पंख आणि अधिक ताकदीचे इंजिन मिळे. त्या वर्षी 72,287 जीटीओ बनल्या, त्यांपैकी 'जज' फक्त 6,833. गंमत अशी की, गाडीच्या चासी क्रमांकावरून ती 'जज' आहे की साधी जीटीओ, हे कळत नाही. रंग आणि पट्टे तर कोणीही चढवू शकतो. त्यामुळे खरेपणा ठरतो तो कागदांवरून.

कागद त्यांच्याकडे होते. 1969 ची खरेदीची पावती होती. कंपनीच्या जतन केलेल्या दप्तरातून मिळवलेली मूळ बिलाची प्रत होती. आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला, कारखान्यातील जोडणीचा जीर्ण तक्ताही होता. चार वर्षे खपून त्यांनी गाडी सांगाड्यापर्यंत उकलली होती, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला होता, एकेक बोल्ट घासून परत बसवला होता. इंजिनाच्या पुढच्या भागावर कोरलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळत होता. असे जुळणे म्हणजे किमतीत कित्येक हजार डॉलरांची भर.

मग त्यांनी आम्हांला वाकून इंजिनाच्या मागच्या बाजूला पाहायला सांगितले. तेथे ओतीव लोखंडातच उमटलेली खूण होती: 'ई', चौदा, नऊ. 'ई' म्हणजे पाचवा महिना. 14 मे 1969. आणि बिलाची तारीख होती मार्च 1969.

"गाडी मार्चमध्ये बाहेर पडली, फादर. तिचे इंजिन मे महिन्यात ओतले गेले."

1969 च्या अखेरीस त्यांना सक्तीच्या लष्करभरतीत व्हिएतनामला जावे लागले. गाडी धाकट्या भावावर सोपवली. त्याने ऐन जानेवारीत रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नुसते पाणी भरून ती रात्रभर उघड्यावर ठेवली. पाणी गोठले, फुगले आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला. भावाने एका अपघातग्रस्त जीटीओचे इंजिन मिळवले, त्यावरचा क्रमांक कानशीने घासून काढला आणि आपल्या हाताने ठोकून गाडीचा क्रमांक कोरला. युद्धावरून परतणाऱ्याला आणखी एक दुःख नको, एवढाच त्याचा हेतू. तो मरेपर्यंत बोलला नाही. पुढे गाडी उकलली, वर्षानुवर्षांचे तेल आणि रंग निघाला, तेव्हा ती तारीख उघडी पडली.

त्यांची पत्नी स्मृतिभ्रंशाने आजारी होती आणि शुश्रूषागृहाचा खर्च महिन्याकाठी डोंगराएवढा होता. आठवडाभरात परराज्यातून ग्राहक येणार होता. त्यांनी विचारले, "फादर, तो क्रमांक मी कोरलेला नाही. मला फक्त गप्प राहायचे आहे. गप्प राहणे पाप आहे का?"

(हे संभाषण प्रायश्चित्त संस्कारातील नव्हे. ते लिहिण्यास त्यांची अनुमती आहे.)

उत्तर आमच्या जिभेवर होते. विकत असलेल्या वस्तूतील दोष विक्रेत्याने सांगावा काय, हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच घेतला होता. उघड दिसणाऱ्या दोषाची गोष्ट वेगळी, परंतु ज्या लपलेल्या दोषाने घेणाऱ्याचे नुकसान होईल, तो सांगणे विक्रेत्याला बंधनकारक आहे, असे त्यांचे मत. सातवी आज्ञा चोरी करू नकोस म्हणते, आठवी खोटी साक्ष देऊ नकोस म्हणते. येथे दोन्हींची गाठ पडत होती. आम्ही बोलणार तोच आम्हांला आमची मोटारसायकल आठवली.

वीस वर्षांपूर्वी, वसईत सहायक धर्मगुरू असताना, आम्ही आमची जुनी मोटारसायकल एका प्राथमिक शिक्षकाला विकली होती. अपघातात तिची चासी तुटली होती. वेल्डिंग करून, वर रंग मारून घेतला होता. गुरुजींनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. धर्मगुरूची गाडी म्हणून त्यांनी किंमतही पाडून मागितली नव्हती.

निवाडा देण्याऐवजी आम्ही त्या गृहस्थांना ही हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "मग त्या शिक्षकाला नंतर सांगितलेत का?"

"नाही."

ते काही बोलले नाहीत. गाडीवर कापड ओढले आणि आम्हांला निवासापर्यंत सोडले. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याने परीक्षकाची वही तपासावी, तसे आम्हांला झाले.

आम्ही भारतात परतल्यावर दोन महिन्यांनी त्यांचे पत्र आले. ग्राहकाला त्यांनी कागदांबरोबर ती तारीखही दाखवली होती. तो आभार मानून निघून गेला. दुसरा ग्राहक मिळाला, पण बऱ्याच कमी किमतीत. पैशांची तोंडमिळवणी व्हावी म्हणून त्यांनी गॅरेजमधली हत्यारेही विकली. नव्या मालकाला एकच विनंती केली: भावाने कोरलेला क्रमांक घासून काढू नये. सारी हकिगत स्वहस्ते लिहून त्यांनी तो कागदही इतर कागदांच्या गठ्ठ्यात ठेवला होता. पत्राच्या शेवटी आमच्यासाठी प्रश्न होता: "सांगितलेत का?"

वाचकहो, दुसऱ्याच्या विवेकाला वाट दाखवणे हे आमचे नित्याचे काम. स्वतःच्या विवेकाला मात्र आम्ही वीस वर्षे रंग मारून ठेवला होता. भावाच्या प्रेमापोटी केलेले खोटेही लोखंडाने पन्नास वर्षे लपू दिले नाही. आमचे तर प्रेमापोटीही नव्हते.

रविवारची शेवटची मिस्सा आटोपून आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते, ओसरीवर केळीची पाने पुशीत बसले होते. आम्ही सारे सांगितले आणि पाकीट पुढे ठेवले.

"फादर," ते म्हणाले, "दुसऱ्याच महिन्यात मिस्त्रीने मला तो सांधा दाखवला होता. वाटलं, तुम्ही येऊन सांगाल."

त्यांनी पाकीट उघडले, दोन वेळच्या वेल्डिंगचा खर्च मोजून बाजूला काढला, उरलेले पैसे आमच्या हाती परत दिले आणि आत चहा टाकायला सांगितले.

त्या रात्री आम्ही मिशिगनला उत्तर धाडले. लिहिण्यासारखे पुष्कळ होते, पण पहिल्या ओळीत एकच शब्द लिहिला: "सांगितले."